लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

नांदेडला माझं औषधांचं दुकान आहे आणि त्या दुकानात लॅमिनेशन केलेली चिठ्ठी चालत नाही. गिऱ्हाईक चिडतं. "मॅडम, कागद फाटू नये म्हणून तर केलं," असं म्हणतं आणि समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे. मी तिरसट आहे यावर आमच्या गल्लीचं एकमत आहे, आणि ते मोडून काढायची मला हौस नाही. पण प्लास्टिकमध्ये घातलेली डॉक्टरची चिठ्ठी पाहिली की मला माझी आत्या आठवते, तिचं हलणारं तोंड आठवतं. बारावीच्या वर्षी लातूरला मी जे पाहिलं, त्याचं नवल अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

भूकंपाला तेव्हा सात वर्षं झाली होती. लातूर नुसतं पोरांनी भरलं होतं. दहावीला बरे मार्क पडले की ट्रंक, गादी आणि आईनं दिलेला लाडवाचा डबा घेऊन पोरं लातूरच्या स्टँडवर उतरायची. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, तो तिच्यात चार कॉट टाकायचा. आमच्या नांदेडलाही क्लास होते, पण बाबा शाळेत मास्तर, त्यांना लातूरच पाहिजे होतं. शिवाय तिथं आत्या होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं सासर किल्लारीच्या बाजूचं एक गाव. गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि पहाटे ते गाव खाली बसलं. आत्या दाराशी झोपली होती म्हणून वाचली. तिचा नवरा आणि मुलगी आतल्या खोलीत होते. मुलगी माझ्याच वयाची, दहा वर्षांची. सुट्टीत ती नांदेडला यायची तेव्हा आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. ढिगाऱ्यातून घरातलं पितळी पातेलं निघालं, पण भिंतीवरचे फोटो निघाले नाहीत. त्या मुलीचा एकही फोटो जगात राहिला नाही.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना आत्या झोपेना. दोन्ही तळहात जमिनीला लावून बसायची, जरा कुठं ट्रक गेला की किंचाळायची. बाहेरून आलेल्या डॉक्टरांपैकी एकानं तिला एक बारकी पांढरी गोळी लिहून दिली. ती घेऊन आत्या पहिल्यांदा झोपली. बाबा सांगायचे, ती झोपलेली बघून ते शेडच्या बाहेर जाऊन रडले. मग त्यांनी तिला लातूरला दोन खोल्या बघून दिल्या, कारण गावापासून फार लांब जायला ती तयार नव्हती, आणि क्लासच्या पोरींसाठी खानावळ घालून दिली. आणि ती चिठ्ठी, ज्या गोळीनं बहीण झोपली त्या गोळीची चिठ्ठी, हरवू नये, भिजू नये, फाटू नये म्हणून बाबांनी लॅमिनेशन करून आणली. आमच्या घरात सगळंच लॅमिनेट व्हायचं. टीसी, मार्कशीट, रेशन कार्डसुद्धा. मास्तराचं घर!

मी लातूरला गेले तेव्हा आत्याचं तोंड हलत होतं. ओठ मिटायचे, उघडायचे, जीभ गालाच्या आतून फिरायची, हनुवटी बारीक बारीक हलत राहायची. आवाज काही नाही. भाकरी थापताना, भाजी निवडताना, पोरींना वाढताना, सतत. पहिले दोन दिवस मला कसंतरी वाटलं. तिसऱ्या दिवशी खानावळीतल्या एका पोरीनं मला कानात सांगितलं, "तुला म्हाईत न्हाई का? बाई चोवीस तास नाव घेत्यात देवाचं. येवढं सगळं गेलं तरी नाव सोडलं न्हाई."

मला ते पटलं. मला काय, सगळ्यांनाच पटलं होतं. बाई कधी कुणासमोर जेवायची नाही, म्हणजे उपास करत असणार. फार बोलायची नाही, म्हणजे मौन पाळत असणार. हळूहळू प्रथाच पडून गेली होती. क्लासची टेस्ट असली की पोरी सकाळी डबा न्यायला यायच्या आणि चुलीपुढं बसलेल्या आत्याच्या पाया पडायच्या. आत्या भाकरीच्या पिठाचा हात तसाच डोक्यावर ठेवायची. तो पिठाचा पंजा पेपर संपेपर्यंत झटकायचा नाही असा नियम होता. लातूरच्या त्या भागात केसात ज्वारीचं पीठ घेऊन चाललेली पोरगी दिसली की लोक ओळखायचे, आज हिचा पेपर आहे. दुसऱ्या खानावळीतल्या पोरीसुद्धा यायच्या.

आता हसू येतं. आम्ही सगळ्या डॉक्टर व्हायला निघालेल्या, मेंदू आणि मज्जासंस्थेचा धडा तोंडपाठ, आणि रोज सकाळी एका गोळीच्या दुष्परिणामाला वाकून नमस्कार करत होतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

दर महिन्याला ती चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायचं काम माझ्याकडं आलं. दुकानदार चिठ्ठी हातातही घ्यायचा नाही, लांबूनच ओळखायचा आणि पाकीट पुढं सरकवायचा. त्याच दुकानात मी माझं औषध शोधलं. मला टेस्टच्या आधी उलट्या व्हायच्या. पोटात गोळा यायचा, सकाळचा चहा बाहेर पडायचा. दुकानदारानं उलटी थांबायची गोळी दिली. एकीनं बरं वाटलं, म्हणून सराव परीक्षेच्या आठवड्यात मी एका दिवसात चार घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये माझी मान वळायला लागली. मी वळवत नव्हते. ती आपली आपण डावीकडं निघाली, खांद्यापर्यंत गेली आणि तिथंच अडकली. मग डोळे वर गेले. समोर सर आहेत हे माहीत होतं, पण मला दिसत होता फक्त पंखा. जबडा उघडा पडला, जीभ बाहेर यायला लागली. मी पूर्ण शुद्धीवर होते, हे लोकांना आजही सांगून पटत नाही. सगळं ऐकू येत होतं. कुणी म्हणालं फिट आली, कांदा आणा. कुणी म्हणालं अंगात आलंय, हळदकुंकू आणा. सर म्हणाले, अभ्यासाचा ताण. आणि मी आत बसून माझ्या मानेला म्हणत होते, अगं बाई, सरळ हो. मान ऐकत नव्हती. माझी मान! सतरा वर्षं माझ्याच खांद्यावर बसलेली, आणि त्या दिवशी ती कुण्या तिऱ्हाइताचं ऐकत होती. मी घाबरले होते यात शंका नाही. पण भीतीच्या खाली एक नवल होतं, ते मला भीतीपेक्षा जास्त आठवतं.

पोरींनी मला ऑटोत घातलं आणि त्याच रस्त्यावरच्या नव्या डॉक्टर मॅडमकडं नेलं. कुणीतरी आत्याला सांगितलं. ती पिठाच्या हातानं, पायात चप्पल न घालता धावत आली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "उलटीची गोळी घेतली होतीस का?" मला बोलता येईना. मी चार बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि दंडाच्या शिरेत एक इंजेक्शन दिलं. मग घड्याळाकडं बघत माझ्याजवळ बसल्या. पाच मिनिटं गेली असतील नसतील, आधी जीभ आत गेली. मग डोळे खाली आले आणि मला खोलीतली माणसं दिसली. मग मान, घट्ट बसलेलं झाकण हळूच सुटावं तशी, सुटली. हळदकुंकू आणलेल्या पोरीनं ती पुडी हळूच पाठीमागं लपवली. "बास?" मी विचारलं. "बास," मॅडम म्हणाल्या. मी उठून बसले आणि मान डावीउजवीकडं वळवून बघितली. मी जिकडं म्हणेन तिकडं ती जात होती. एवढं मोठं राज्य आपल्या हातात असतं आणि आपल्याला पत्ता नसतो, हे मला त्या टेबलावर कळलं.

तेवढ्यात मॅडमची नजर माझ्या उशाशी उभ्या असलेल्या आत्याकडं गेली आणि तिथंच थांबली.

"बाई, तोंडात काय आहे?"

"काय न्हाई," आत्या म्हणाली.

"त्या नाव घेतात, मॅडम," एक पोरगी आदरानं म्हणाली.

"जीभ बाहेर काढा. तशीच ठेवा." आत्यानं काढली. ती क्षणभरही बाहेर राहीना, आपोआप आत जायची, पुन्हा बाहेर यायची. मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "कुठली गोळी चालू आहे? किती वर्षं?"

मी चिठ्ठी दाखवली, माझ्या दप्तरातच होती. मॅडमनी ती उजेडाला धरली आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथं एका ओळीच्या फक्त शिरोरेघा आणि वरच्या वेलांट्या राहिल्या होत्या. अक्षरं कापली गेली होती. "इथं काय लिहिलं होतं?" त्यांनी विचारलं. आम्हाला काय माहीत!

माहीत होतं ते बाबांना. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. मॅडमनी चिठ्ठी पुढं करताच त्यांचा चेहरा पडला. कागद लॅमिनेशनच्या प्लास्टिक पाऊचपेक्षा बोटभर लांब होता, म्हणून दुकानातच कात्री मागून त्यांनी खालची कड कापली होती. "पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे," ते म्हणाले. "मला वाटलं, औषध तर वर लिहिलंय. खालची ओळ तर नुसती..." आयुष्यभर पोरांच्या वहीत काना-मात्रा सुधारणारा माणूस!

मॅडमनी समजावून सांगितलं. माझी गोळी आणि आत्याची गोळी एकाच भावकीतल्या. माझ्या गोळीनं एका दिवसात मान धरली, म्हणून एका इंजेक्शनात सुटली. आत्याच्या गोळीनं सात वर्षं हळूहळू तोंड धरलंय, ते असं सुटणार नाही. गोळी थोडी थोडी कमी करत सोडावी लागेल, आणि कमी करताना आधी तोंड जास्तच हलेल. पूर्ण थांबेल असं वचन देता येत नाही. पण उशीर केला तर ते पक्कं होऊन बसेल. आजच घास तोंडातून बाहेर येतो, उद्या गिळायला त्रास होईल.

तेव्हा मला कळलं, आत्या कुणासमोर का जेवत नाही ते.

घरी आल्यावर बाबा तिच्यासमोर खाली बसले. "आक्का, मी कापली ती ओळ."

"तू जपून ठिवली चिठ्ठी, भाऊ," आत्या म्हणाली. "मी झोपले न्हवं तिच्यावर? पर गोळी मी सोडनार न्हाई."

"का?"

"जमीन हालती." तिनं साधेपणानं सांगितलं. मागं एकदा दिवाळीत दुकान बंद होतं, दोन दिवस गोळी चुकली, आणि तिसऱ्या दिवशी हादरा बसला. मांडणीवरची भांडी वाजली. तेव्हापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. ती गोळी तिच्या झोपेसाठी नव्हतीच. ती लातूरची जमीन धरून ठेवत होती.

"आणि लोक म्हणतात नाव घेते, ते?" मी विचारलं.

"मी कुठं घेते? ते आपसूक हालतंय," ती म्हणाली. "गावाकडं याडी म्हनायचे. हितं पाया पडून राहिलेत. मी कशाला सांगू?"

बाबा रजा संपवून परत गेले. मॅडमनी मला एक काम सांगितलं होतं, आत्या झोपली की तिच्या तोंडाकडं बघ. रात्री ती दिवा मालवूनच झोपायची, आणि दुपारी खानावळ आवरून घटकाभर आडवी व्हायची तेव्हा मी क्लासला असायचे. त्या रविवारी मी घरी थांबले. उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले. ती भिंतीकडं तोंड करून झोपली, थोड्या वेळानं कूस वळली आणि तिचा चेहरा माझ्याकडं आला.

तो थांबला होता. ओठ, जीभ, हनुवटी, सगळं. मी तिच्याबरोबर दीड वर्ष राहत होते आणि तिचा थांबलेला चेहरा मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिला. वरचा ओठ जरा आखूड, खालचा किंचित पुढं. हनुवटीवर मधोमध खळी. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. एका ताटात माझ्यासमोर बसून जेवणारा.

ती उठल्यावर मी सांगितलं. "आत्या, झोपेत तुझं तोंड हलत नाही."

"मग कशी दिसते मी?"

सांगावं की नाही, मला कळेना. पण मी कधी तोंड धरून ठेवलेलं नाही. "तिच्यासारखी," मी म्हणाले. "हुबेहूब तिच्यासारखी."

आत्याचं तोंड हलत राहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी आपला जबडा घट्ट धरला आणि मला म्हणाली, "आरसा आन." मी पावडरच्या डब्याशेजारचा आरसा आणला. तिनं जबडा धरूनच त्यात पाहिलं. पण हाताखालचं थांबेना, आणि हातांनी चेहरा झाकला जात होता. तिनं आरसा पालथा ठेवला. संध्याकाळी मला म्हणाली, "त्या मॅडमला इच्यार, कवापासून कमी करायची."

पहिले दोन महिने फार वाईट गेले. मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं, तोंड जास्त हलायला लागलं, खांदेही उडायला लागले, झोप गेली. पोरींमध्ये कुजबुज सुरू झाली की बाईंचं काहीतरी चुकलंय. काही पोरी दुसऱ्या खानावळीत गेल्या. मी त्यांना ओरडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा आणखी दोघी गेल्या. खऱ्याला पाया पडून घ्यायची सोय नसते.

आणि मग एका सकाळी हादरा बसला. बारीकच होता. तव्यावरची भाकरी सरकली, मांडणीवरच्या ताटल्या खणखणल्या. पोरी पुस्तकं टाकून रस्त्यावर पळाल्या. आत्या चुलीपुढंच दोन्ही तळहात भुईला लावून बसली होती. "झालं!" ती ओरडली. "मी म्हनले न्हवते? आन ती गोळी, अख्खी आन!"

मी गोळ्यांचा डबा उघडला, आणि माझ्या लक्षात आलं. "आत्या, आजची गोळी तू घेतलीस. मघाशी चहाबरोबर. माझ्यासमोर."

"अर्धी."

"त्या दिवाळीनंतर इतकी वर्षं अख्खी घेत होतीस. त्यात कधीच भांडी वाजली नाहीत?"

ती आठवत बसली. तिचा आठवणारा चेहरा मला अजून दिसतो. वाजली होती, बऱ्याचदा वाजली होती. ती उठली, सरकलेली भाकरी उलटली, आणि पाठमोरीच म्हणाली, "म्हंजे जमीन गोळीचं ऐकत न्हाई तर."

"नाही ऐकत."

"मग माझ्या तोंडानं का ऐकावं?" आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं.

मला मेडिकलला मार्क कमी पडले. केसात पीठ होतं तरी. बाबांच्या मास्तरकीला हा धक्का भूकंपाच्या बरोबरीचा होता, पण मी नांदेडला फार्मसीला गेले आणि मला ते आवडलं. एवढीशी गोळी माणसाच्या आत जाऊन कुणाचा ताबा घेते, कुणाला सोडवते, हे शिकताना मी वर्गात तोंड उघडं टाकून बसायचे. आत्याची गोळी वर्षभरात बंद झाली. तोंड मात्र रेंगाळत थांबत गेलं. दर वेळी लातूरला गेले की आधीपेक्षा थोडं कमी. ती माझ्यासमोर जेवायला लागली. गोळी सुटल्यावर ती रडायलाही लागली. इतकी वर्षं ते रडणंही त्या गोळीनं धरून ठेवलं होतं, आणि ते सुटलं तेव्हा बाबा चार दिवस तिच्यापाशी राहिले.

शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मी अशीच तिच्याकडं गेले. दुपारची वेळ. दार उघडं होतं. आत्या भिंतीवरच्या आरशापुढं बसून केस विंचरत होती, आणि आरशात मला दिसलं, तिचे ओठ हलत होते.

एवढं सगळं करून परत आलं! बॅग हातातून तशीच खाली पडली. "आत्या, पुन्हा सुरू झालं?"

तिनं आरशातूनच माझ्याकडं पाहिलं. ओठ लगेच थांबले. तिनं थांबवले म्हणून थांबले.

"न्हाई गं माय," ती म्हणाली. "हे माझं मी करून राहिले."

आणि पुन्हा आरशातल्या चेहऱ्याकडं बघत, आता जरा मोठ्यानं, मला ऐकू येईल असं, तिनं आपल्या मुलीचं नाव घेतलं.